हरकतीचा मुद्दा

वाईत लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी सरांच्या नजरेखालून घालायची, अशी एके काळी पद्धत होती. पत्रिकेच्या माथ्यावर नुसते 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' दिसले की सर विचारत, "कोणती? तुळजापूरची का कोल्हापूरची? आणि हे तुमच्या घराण्यात कुठे नोंदलेलं आहे?" मग तिथी-तारखेचा मेळ घातला जाई, शके दुरुस्त होई, गावाचे जुने नाव कंसात चढे. पत्रिका परत येईस्तोवर मुलीच्या बापाचा जीव टांगणीला. आमचा झेरॉक्सवाला पत्रिकाही छापतो. तो एकदा म्हणाला, "सरांनी तपासलेल्या पत्रिकेत चूक घावायची नाही. फक्त नवरा-नवरीच्या नावाला जागा उरत नाही."

सर म्हणजे आमच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक, आता निवृत्त. नाव मुद्दाम देत नाही. छापील मजकुरात स्वतःचे नाव दिसले की ते तो अंक विकत आणतात आणि लाल शाईने दुरुस्त करून संपादकांना साभार परत पाठवतात. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. सरांच्या लेखी मराठीवाले म्हणजे बखरकारांचे वारस. सांगणार रंगवून, आणि पुरावा विचारला की कवितेच्या आड लपणार. तरीही निवडणूक प्रतिनिधी म्हणून त्यांनी मलाच नेमले. "तुम्ही थापा मारता, पण त्या तुमच्या चेहऱ्यावर दिसतात. बाकीच्यांच्या दिसत नाहीत," असे कारणही दिले.

सरांच्या जगात कागदांच्या दोनच जाती, अस्सल आणि उरलेले. ज्याने पाहिले त्याने, पाहिले त्या सुमारास लिहिले, तर ते अस्सल. पाऊणशे वर्षांनी कुणीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिले की झाली बखर. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड सरांच्या बैठकीच्या खोलीत दिवाणावर असतात. पाहुणे मोड्यावर बसतात. पहिला खंड १८९८चा, पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. तो तर ते शेजाऱ्यांनाही हात लावू देत नाहीत. घरात काही हरवले आणि वहिनी म्हणाल्या की कामवाल्या बाई म्हणत होत्या, दूधवाला म्हणत होता, की सर शांतपणे म्हणतात, "ऐकीव."

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला, याचे कारणही पानिपतच.

निवृत्तीनंतर सरांना विधिमंडळाचे कामकाज टीव्हीवर बघायचा नाद लागला. एक दिवस वरच्या सभागृहात एका सन्माननीय सदस्याने ठणकावून सांगितले की मराठ्यांवर पानिपतात संक्रांत कोसळली ती ऐन संक्रांतीच्या दिवशी. सर उठून उभेच राहिले. "चौदा जानेवारी सतराशे एकसष्ट! पौष शुद्ध अष्टमी, शके सोळाशे ब्याऐंशी, बुधवार! संक्रांत त्या वर्षी आधीच होऊन गेलेली!" हे सगळे टीव्हीला उद्देशून. टीव्हीत मात्र बाके वाजली. एकाही सदस्याने तोंड उघडले नाही.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, पण हरलो हे तरी बरोबर सांगितलं ना त्यांनी?"

त्यानंतर सरांनी विधान परिषदेच्या नियमांचे पुस्तक मिळवले आणि त्यात त्यांना 'हरकतीचा मुद्दा' सापडला. उभे राहायचे, 'सभापती महोदय, हरकतीचा मुद्दा' असे म्हणायचे, आणि समोरच्याचे चालू भाषण थांबवायचे! चर्चासत्रांत हा उद्योग सर जन्मभर करत आले होते. तिथे चहाच्या सुट्टीचे निमित्त काढून त्यांना बसवायचे. इथे नियमच त्यांच्या बाजूने. हा मुद्दा कामकाजाच्या पद्धतीपुरता असतो, तिथी-वारासाठी नसतो, हे मी भीत भीत सुचवले. ते म्हणाले, "पायंडा पाडू."

आता परिषदेत जायचे तर कोणत्या दाराने? महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यांतल्या ३० आमदारांच्या मतांवर, २२ पालिका-जिल्हा परिषदांच्या, १२ राज्यपालांच्या मर्जीवर. उरल्या त्यांत ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या. सरांनी पुणे पदवीधर हेरला. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे. मतदार होण्याची अट पदवीची. "म्हणजे प्रत्येक मतदाराला वाचता येतं!" सर म्हणाले. या एका वाक्यात त्यांची सगळी व्यूहरचना होती. पूर्वदाखलाही तयार होता. फर्ग्युसनचे ग. प्र. प्रधान १८ वर्षे परिषदेत होते, विरोधी पक्षनेतेही झाले. "आणि ते तर इंग्रजीचे होते," असे सर पुढे म्हणत, जणू प्रधानांनी अंगच्या व्यंगावर मात केली होती.

पदवीधरांची मतदारयादी हा प्रकार जगावेगळा आहे. तुम्ही मागच्या वेळी मत दिले होते, म्हणून या वेळी नाव असेल असे नाही. दर निवडणुकीला यादी कोरी. पुन्हा १८ नंबरचा फॉर्म, पुन्हा पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. शिवाय १ नोव्हेंबर या तारखेच्या आधी पदवी मिळून तीन वर्षे झालेली हवीत. म्हणून ही निवडणूक मतदानाच्या दिवशी होतच नाही. ती नोंदणीच्या दिवसांत होते. ज्याच्या हाताशी शाळा, बँका, सूतगिरण्या आणि साखर कारखाने, त्याचे फॉर्म पोत्यांनी जातात. आमचे फॉर्म सर स्वतः भरून घेत. एकेका फॉर्मला पाऊण तास, कारण अर्जदाराच्या आडनावाची व्युत्पत्ती मध्येच निघे.

जुने विद्यार्थी हाच आधार धरून आम्ही घरोघर गेलो. एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरने सरांच्या पायाला हात लावला, चहा दिला, आणि म्हणाला, "सर, मत तुम्हालाच दिलं असतं. पण मतदार कसा होऊ? एफ.वाय.ला दोनदा इतिहासात उडवलंत, मग मी शिक्षणच सोडलं." पुढच्या गल्लीत तोच प्रकार. तिथला माणूस म्हणाला, "माझा पेपर फक्त चार मार्कांनी गेला होता, सर." सरांना तो पेपर आठवत होता. "तुम्ही साल्हेर आणि साल्सेट एकच धरलं होतंत," ते म्हणाले. त्या आठवड्यात माझ्या ध्यानात आले की सरांनी आपला मतदारसंघ तीस वर्षे स्वतःच्या लाल शाईने कातरत आणला होता. ज्यांना त्यांनी पास केले, ते पुण्या-मुंबईला गेले. ज्यांना नापास केले, तेच गावात राहिले. त्यांचे सरांवर प्रेम होते, पण मत नव्हते.

अर्ज भरायला अपक्षाला दहा सूचक लागतात. ते मिळाले. अनामत १०,००० रुपये, तीही पेन्शनमधून निघाली. अडले ते प्रतिज्ञापत्र. मालमत्तेच्या रकान्यात सरांनी 'ग्रंथ' असे लिहून पुढे अठरा पाने जोडली. किंमत काय लावायची, यावर अधिकाऱ्याशी खल झाला. सर म्हणाले, "अमूल्य." अधिकारी म्हणाला, "तसं नाही लिहिता येत, सर. आकडा लागतो. नाहीतर छाननीत उडेल." शेवटी वहिनींनी आकडा सांगितला, रद्दीच्या भावाने. सर त्यांच्याशी चार दिवस बोलत नव्हते. पण अर्ज वैध ठरला.

माघारीच्या मुदतीआधी एका तगड्या उमेदवाराचा माणूस सरांकडे आला. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, दोन फोन. तो अत्यंत आदराने म्हणाला, "सर, तुमच्यासारख्यांनी या धकाधकीत कशाला पडायचं? साहेबांच्या मनात तुमच्याबद्दल फार आहे. अर्ज काढून घ्या, एखाद्या समितीचं बघता येईल." सरांनी कागद-पेन पुढे सरकवले.

"द्या लिहून."

"काय?"

"साहेबांच्या मनात काय आहे ते. तारीख, स्थळ, खाली सही. तोंडी पुराव्याला मी किंमत देत नाही."

तो माणूस चपलांत पाय घालता घालता मला म्हणाला, "फार अवघड माणूस आहे हो." मला वाटते, राजकारणातल्या माणसाने दुसऱ्याला दिलेली याहून मोठी पदवी नसेल.

मग जाहीरनामा. इतरांचे गुळगुळीत कागदावर, चार घड्यांचे, वर नेत्यांच्या फोटोंची माळ. आमचा चोवीस पानी, त्यांतली नऊ पाने तळटीपांची. 'पदवीधरांच्या बेकारीचा प्रश्न' हे प्रकरण एल्फिन्स्टनसाहेबापासून सुरू होत होते. निवडणुकीच्या कायद्यातले एक कलम मात्र सरांना मनापासून आवडले. प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवाच. "बघा! हा नियम बखरकारांना असता तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं," असे ते झेरॉक्सवाल्याला म्हणाले. झेरॉक्सवाला आमचा प्रचारप्रमुखही होता. त्याने एक घोषणा आणली, 'येऊन येऊन येणार कोण?' सरांनी ती नामंजूर केली. भविष्यकाळ हा आपला विषय नव्हे, म्हणाले.

याच सुमारास त्यांनी समोरच्या उमेदवाराला फोन केला. त्याच्या पत्रकात शाहू महाराजांच्या राखीव जागांच्या हुकमाचे साल चुकले होते. सरांनी ते १९०२ असल्याचे सांगितले, कोणत्या गॅझेटात बघायचे तेही सांगितले. समोरच्याने आभार मानले आणि पत्रक दुरुस्त करून पुन्हा छापले. खाली ओळ टाकली, 'ज्येष्ठ इतिहासतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली'. ते पत्रक पाचही जिल्ह्यांत पोचले. सरांनी ते जपून ठेवले आहे. "निदान बिनचूक आहे," म्हणतात.

प्रचाराला एका माजी विद्यार्थ्याची जुनी जीप मिळाली. जुन्नरपासून चंदगडपर्यंत आणि महाबळेश्वरापासून अक्कलकोटपर्यंत पसरलेला मतदारसंघ, हाताशी जेमतेम तीन आठवडे. त्यातून या मुलखात दर दहा मैलांवर काहीतरी घडलेले आहे. गडहिंग्लजच्या वकिलांची बैठक चुकली, कारण वाटेत नेसरी आली आणि प्रतापराव गुजरांपाशी न थांबता पुढे जाणे सरांना शक्य नव्हते. मंगळवेढ्यात एका हायस्कुलात शिक्षक जमायचे होते, दुपारी दोनला. दीड वाजता आम्ही भीमेकाठी माचणूरच्या किल्ल्यात होतो. ऊन मी म्हणत होते. सर हात लांब करून जवळचे ब्रह्मपुरी दाखवत होते. "इथे औरंगजेबाची छावणी. सोळाशे पंच्याण्णव ते नव्व्याण्णव. बादशहा चार वर्षं इथे बसून! मंत्री, हत्ती, बाजार, सगळी दिल्ली इथे. आणि हाती काय लागलं?"

जीपवाला म्हणाला, "सर, दोन वाजायला आले."

"अहो, तो चार वर्षं बसला. आपण अर्धा तास बसू."

मंगळवेढ्याला पोचलो तेव्हा शिपाई बाके आवरत होता. सरांनी त्यालाच माचणूरचे सांगितले. तो बी.ए. निघाला. त्या दौऱ्यातले हे आमचे सर्वांत यशस्वी भाषण.

कारण बाकी ठिकाणी गाडी अठराशे अठराच्या पुढे सरकायचीच नाही. पंचेचाळीस मिनिटांचे भाषण, सुरुवात सातवाहनांपासून. नाणेघाटातल्या शिलालेखावर दहा मिनिटे. पेशवाई बुडेपर्यंत संयोजक घड्याळाकडे बघू लागत. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली गादीवरून काढल्याचे सांगताना सरांचा आवाज भरून येई आणि तेवढ्यात आभार मानले जात. बेकारी, अनुदान, विनाअनुदान, जुनी पेन्शन हे विषय कधी आलेच नाहीत. शिक्षक जुन्या पेन्शनची वाट बघत आणि सर जुन्या पेशव्यांची.

सांगलीतल्या एका अभ्यासिकेत मात्र एका मुलाने त्यांना मध्येच अडवले. तिशीच्या उंबरठ्यावरचा असेल. स्पर्धा परीक्षा करणारा, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेने. उठून म्हणाला, "सर, भरतीची जाहिरात कधी निघणार, तेवढं सांगा."

सरांचे डोळे चमकले. "उत्तम प्रश्न. स्पर्धा परीक्षेचं मूळ अठराशे त्रेपन्नच्या सनदेत आहे. पहिली परीक्षा अठराशे पंचावन्न, लंडनला. पहिला हिंदी माणूस उत्तीर्ण झाला तो अठराशे त्रेसष्टमध्ये, सत्येंद्रनाथ टागोर. रवींद्रनाथांचे थोरले बंधू. आणि गंमत म्हणजे ते आपल्या साताऱ्यात न्यायाधीश होते!"

"ते आहे आमच्या सिलॅबसला," तो मुलगा म्हणाला. "जाहिरात कधी?"

सर थांबले. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर न सुचलेले मी त्याच दिवशी पाहिले. त्यांनी त्या मुलाचा फोन नंबर घेतला, वयोमर्यादा विचारली, घरी कोण असते ते विचारले. जीपमध्ये बसल्यावर कराड येईपर्यंत एकाही किल्ल्याचे नाव काढले नाही. त्या मुलाच्या बाबतीत माणूस म्हणून मला सरांचा फार आदर वाटला, आणि उमेदवार म्हणून काळजी. तो अजून नियमाने वाईला येतो. सर त्याला इतिहासाच्या पेपरचे फुकट शिकवतात. मत त्याने दिले नव्हते. फॉर्मच भरला नव्हता, वेळ नव्हता म्हणे.

आता मतदानाचे तंत्र. इथे यंत्र नसते, चिन्ह नसते. वर्तमानपत्राएवढी मतपत्रिका. पुण्याच्या २०२०च्या निवडणुकीला तर बासष्ट उमेदवार होते. आपल्या पसंतीच्या नावापुढे १ लिहायचा, मग वाटल्यास २, ३, ४. आकडा मराठी, इंग्रजी, रोमन कसाही चालतो, पण 'एक' असे अक्षरांत लिहिले की मत बाद. बरोबरची खूण, सही, अंगठा, शेरा, काहीही केले तरी बाद. आणि लिहायचे ते केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच. शिकले-सवरलेले लोक यात हमखास चुकतात. खिशातले पेन काढून झोकात सही ठोकायची सवय हाताला लागलेली असते. म्हणून सर जातील तिथे फळा मागवत. फळ्यावर पाच उमेदवार काढून, खडूने आकडे घालून, कोटा कसा निघतो हे शिकवत. वैध मतांना दोनने भागायचे आणि एक मिळवायचा. कोणाचाच कोटा पुरा झाला नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकेवरची दुसरी पसंती पुढच्याकडे जाते.

हे त्यांनी जीव ओतून शिकवले. पहिली पसंती वाया जाईल अशी भीती बाळगू नका, दुसरी आहेच, असे बजावून सांगितले. उदाहरणात स्वतःचे नाव घ्यायचे नाही, हा दंडक. निःपक्षपातीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा. लोक माना डोलवत, वहीत उतरून घेत. तरी एका बँकेच्या मॅनेजरने जाता जाता सरांचा हात हातात घेऊन म्हटले होते, "सर, तुम्हाला पसंती नक्की!" कितवी, हे आम्ही विचारले नाही.

झेरॉक्सवाला रोज रात्री अहवाल आणायचा. "सर, वातावरण आहे."

"कोणी पाहिलं?" सर विचारत. "नाव, गाव, तारीख. स्वतः पाहिलं का ऐकलं?"

त्यांनी एक वहीच केली. रकाने चार. बातमी, सांगणारा, त्याचा हितसंबंध, आणि शेवटचा दर्जा, म्हणजे 'अस्सल', 'संभाव्य' किंवा 'बखर'. पहिल्या आठवड्यात सगळी पाने 'बखर'. 'कोल्हापुरात सरांचीच हवा', बखर. 'पंढरपूरचे वकील एकगठ्ठा', बखर. मग हळूहळू काहीतरी सुरू झाले. बँकेच्या मॅनेजरचे वाक्य 'संभाव्य'मध्ये गेले. इस्लामपुरात एका डॉक्टरांनी तपासणी फी घेतली नाही, ते थेट 'अस्सल'मध्ये. "हितसंबंध काय त्याचा? काहीच नाही. उलट दोनशे रुपयांचं नुकसान," असा युक्तिवाद. बार्शीत रसवंतीवाल्याने "सर, यंदा तुम्हीच" म्हटले, तेही अस्सल. तो दहावी नापास आहे, हे मी लक्षात आणून दिले. "साक्षीदार मतदार असायलाच हवा असं नाही," सर म्हणाले. "परकीय प्रवाशांची वर्णनं आपण घेतोच की."

तो नाद पुढे वाढतच गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या विजयांच्या कथा चिमट्याने उचलून बघणारा माणूस स्वतःच्या विजयाची कथा आली तेव्हा दोन्ही हातांनी वाढून घेत होता. बेरजा होऊ लागल्या. मोरारजी देसाई १९५२ला विधानसभेला १९ मतांनी पडले होते, हा दाखला सर आधी धीर म्हणून सांगत. आता समोरच्या उमेदवाराची कीव येऊन सांगू लागले. शपथ 'ईश्वरसाक्ष' घ्यायची का 'गांभीर्यपूर्वक', याचा निर्णय झाला. गांभीर्यपूर्वकच. ईश्वराचे साधन नव्हते. आकाशवाणीजवळच्या आमदार निवासापासून एल्फिन्स्टन कॉलेजातले पुराभिलेखागार किती पावलांवर, याचा अंदाज काढून झाला. सभागृह तहकूब झाले की तासाभरात कागदांपाशी! वहिनी म्हणाल्या, "मुंबईत खोली मिळणार असेल तर दिवाणावरचे बावीस खंडही घेऊन जा." मग त्यांनी मला एकट्याला गाठून विचारले, "भावजी, अनामत तरी राहील ना?" मी एक षष्ठांश मतांचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे गेली." घरात इतिहासाची खरी जाण कुणाला होती, ते मला तेव्हा कळले.

मतमोजणी पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. सकाळी सुरू झालेले काम रात्रभर चालते. आधी गठ्ठे बांधायचे, मग सगळ्या जिल्ह्यांचे एकत्र मिसळायचे, मग बाद मते वेगळी काढायची. सरांना हा प्रकार फार आवडला. जाळीला नाक लावून ते बाद मतपत्रिका बघत होते. एकीवर 'एक' असे सुवाच्य अक्षरांत. एकीवर सगळ्याच नावांपुढे बरोबरच्या खुणा, म्हणजे कुणी दुखावायला नको. एकीवर सहीखाली 'एम.ए., बी.एड.' "पाहा, पाहा," सर मला कोपर मारून म्हणाले, "शिरोरेखा बघा याची. जुन्या वळणाचा हात आहे. हे जपायला हवं."

आमचा आकडा पहाटे कळला. तीन आकडी होता. पण सरांचे लक्ष तिकडे नव्हते. विजयी उमेदवाराने पहिल्याच पसंतीत कोटा ओलांडला होता आणि अधिकाऱ्यांनी मोजणी संपल्याचे जाहीर केले होते.

"संपली? आणि दुसरी पसंती?"

"ती बघायची गरजच नाही, सर. कोटा झाला."

"म्हणजे इतक्या मतपत्रिकांवर लोकांनी दुसरा आकडा लिहिला, तो कुणी वाचणारच नाही? साधनं न बघता निष्कर्ष?"

त्या अधिकाऱ्याचा दिवस आणि रात्र उभ्याने गेली होती. तरी त्याने शांतपणे समजावले. मतपत्रिका सीलबंद होतात. न्यायालयाच्या हुकमाशिवाय उघडत नाहीत. ठराविक मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट करतात.

"नष्ट?" सर एवढ्या मोठ्याने ओरडले की विजयी उमेदवाराच्या माणसांनी गुलाल उधळायचा थांबवून मागे पाहिले. तीन आकडी मते, गेलेली अनामत, पेन्शनला पडलेले भगदाड, यातले काहीही त्यांना लागले नव्हते. लागले ते हे.

परतताना, कात्रजचा घाट उतरेपर्यंत, त्यांची मांडणी पक्की झाली होती. बँकेचा मॅनेजर, इस्लामपूरचे डॉक्टर, पंढरपूरचे वकील, कोणीही खोटे बोललेले नव्हते. सगळ्यांनी सरांना पसंती दिली होती. फक्त दुसरी. फळ्यावर शिकवले तसेच त्यांनी केले होते. पहिली ज्याची भीड त्याला, दुसरी ज्याच्याबद्दल आदर त्याला. "पाच जिल्ह्यांत दुसऱ्या पसंतीची सर्वाधिक मतं माझी आहेत," सर म्हणाले. जीपवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन झेरॉक्सच्या दुकानात हजर. प्रति, मुख्य निवडणूक अधिकारी. विषय, पुणे पदवीधर मतदारसंघाच्या मतपत्रिका नष्ट न करता पुराभिलेखागाराकडे कायमस्वरूपी जतनासाठी वर्ग करणेबाबत. सात पाने, तळटीपा एकवीस. तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्या पसंतीचा सिद्धान्त छातीठोकपणे मांडलेला, 'संभाव्य' नाही, 'बहुधा' नाही, सरळ विधान. तळटीपा सगळीकडे होत्या, फक्त तिथेच नव्हती.

मी ते वाक्य बोटाने दाखवले. म्हटले, "सर, याला साधन?"

सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असे पाहिले, की इतकी वर्षे बरोबर राहून हा मराठीवाला काहीच शिकला नाही.

"अहो, तुम्ही होतात ना तिथे! वातावरण होतं की!"